रंगो बापूजी ‘राजदूत’ नव्हते, वकील होते

साताऱ्यातल्या बहुतेक व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मजकूर फिरून फिरून येतो. रंगो बापूजी गुप्ते हे हिंदुस्थानचे इंग्लंडमधले पहिले राजदूत. डलहौसीने दत्तक नाकारून सातारा खालसा केला म्हणून ते लंडनला गेले. आणि १८५७ ला त्यांना साताऱ्याच्या गेंडामाळावर फाशी झाली. माणूस आपला, अभिमान रास्त. पण यातलं एकही विधान खरं नाही.

‘पहिले’ तर नाहीतच. रघुनाथरावाचा वकील (कोर्टातला नव्हे, बाजू मांडणारा प्रतिनिधी) हणमंतराव १७८१ मध्येच लंडनला होता. ब्रिटिश खासदार एडमंड बर्कने त्याला आपल्या घरी नेऊन सोवळ्याच्या स्वयंपाकाची सोय करून दिली होती. बादशहा दुसऱ्या अकबराचं गाऱ्हाणं घेऊन राममोहन रॉय १८३० मध्ये निघाले. फार कशाला, खुद्द साताऱ्याच्या छत्रपती प्रतापसिंह महाराजांचे, म्हणजे रंगो बापूजींच्याच धन्याचे, वकील मीर अफजल अली रंगो बापूजींच्या आधी तिथे पोचले होते.

‘राजदूत’ हा शब्द मला जास्त खटकतो. राजदूत एका सार्वभौम सत्तेकडून दुसरीकडे जातो, आणि दुसरी त्याला मान्यता देते. साताऱ्याकडे ती मोकळीक नव्हतीच. ईस्ट इंडिया कंपनीशी झालेल्या १८१९ च्या तहाने महाराजांना बाहेरच्या सत्तांशी परस्पर बोलायची बंदी होती; जे काही असेल ते रेसिडेंटमार्फत, म्हणजे साताऱ्यातल्या कंपनीच्या प्रतिनिधीमार्फत. गोव्याच्या पोर्तुगीजांशी संधान बांधल्याचा आरोप महाराजांवर ठेवला गेला, तो याच कलमाच्या आधाराने. अशा राज्याच्या वकिलाला लंडनमध्ये कसली मान्यता? म्हणून रंगो बापूजींनी वेगळी वाट धरली. कंपनीच्या भागधारकांच्या सभेत महाराजांची बाजू मांडायची, पार्लमेंटात अर्ज करायचे, पुस्तिका छापून वाटायच्या. वक्ते जॉर्ज थॉम्पसन, खासदार जोसेफ ह्यूम यांच्यासारखी माणसं त्यांनी जोडली. हुद्दा नाही, पाठीशी सैन्य नाही, आणि ज्या राजाची वकिली करायची तो काशीत नजरकैदेत. सुमारे चौदा वर्षं हा माणूस तिथे झुंजला. ‘राजदूत’ म्हटलं की ही सगळी झुंज पुसली जाते.

दत्तकाचं म्हणाल तर तारखाच बघा. प्रतापसिंहांना पदच्युत केलं सप्टेंबर १८३९ मध्ये, आणि रंगो बापूजी निघाले ते त्या अन्यायाविरुद्ध. महाराज १८४७ मध्ये काशीतच वारले. त्यांच्या जागी गादीवर बसवलेले धाकटे बंधू शहाजी १८४८ च्या एप्रिलमध्ये गेले, त्यानंतर डलहौसीने राज्य गिळलं. तोवर रंगो बापूजींची लंडनमधली कितीतरी वर्षं उलटून गेली होती.

राहिला गेंडामाळ. तिथे ८ सप्टेंबर १८५७ रोजी सतरा जणांना देहदंड झाला : पाच फाशी, सहा तोफेच्या तोंडी, सहा गोळ्या घालून. त्यांत रंगो बापूजींचा मुलगा सीताराम होता. बाप इंग्रजांच्या हाती लागलाच नाही.