चार डॉलरचा असला तरी तो चेक बँकेत भरा

अमेरिकेत काही वर्षे राहिलेल्या बहुतेक मराठी घरांत कधी ना कधी एक पातळ पाकीट येऊन पडलेले असते. त्याच्या तिन्ही कडांवरच्या पट्ट्या फाडल्या की आत चेक निघतो. वर कुठल्याशा खटल्याचे नाव, मधे चार डॉलर आणि काही सेंट अशी रक्कम आणि खाली बारीक अक्षरांत अमुक तारखेनंतर चेक रद्द होईल अशी सूचना. मुदत बहुधा नव्वद दिवसांची असते. हे पाकीट किराणा दुकानांच्या कुपनांबरोबर थेट रद्दीत जाते आणि ते का टाकले असे विचारले, तर तीन उत्तरे मिळतात. फसवणूक असेल, एवढ्याशा पैशांसाठी कोण बँकेत जाणार, आणि चेक वटवला तर आपण कंपनीशी तडजोड केली असे होईल. यांतले पहिले उत्तर शहाणपणाचे आहे, दुसरे आळसाचे, आणि तिसरे बहुतेक वेळा साफ चुकीचे आहे. चांगले शिकलेले लोकसुद्धा तेच बोलून दाखवतात, म्हणून आधी त्याविषयी लिहितो.

फेडरल न्यायालयांतले क्लास ॲक्शन दावे, म्हणजे एकाच तक्रारीच्या अनेक लोकांच्या वतीने एकत्र लढवलेले दावे, दिवाणी प्रक्रियेच्या नियम २३ खाली चालतात. नुकसानभरपाईच्या दाव्यात गटातल्या ज्यांचा ठावठिकाणा वाजवी प्रयत्नाने लागू शकतो त्या प्रत्येकाला सूचना पाठवावी लागते, आणि ज्याला त्यात राहायचे नाही त्याने ठरलेल्या तारखेपर्यंत तसे लेखी कळवायचे असते. जो कळवत नाही तो गटात राहतो आणि न्यायाधीशांनी तडजोडीला अंतिम मंजुरी दिली की तिने बांधला जातो. चेक निघतो तो या सगळ्यानंतर. म्हणजे त्या विषयावर कंपनीवर स्वतंत्र दावा लावण्याचा आपला हक्क, चेक हातात पडण्याच्या कितीतरी आधी, बहुधा न वाचलेल्या एका पोस्टकार्डाबरोबर संपलेला असतो. चेक ही त्या हक्काची किंमत. ती न घेतल्याने हक्क परत येत नाही, तो फुकट दिल्यासारखा होतो.

याला अपवाद आहेत आणि ते नोकरीशी संबंधित आहेत. ओव्हरटाइमचे दावे १९३८ च्या ज्या फेडरल श्रम कायद्याखाली होतात, त्यात सामील होण्यासाठी प्रत्येक कामगाराची लेखी संमती लागते. त्यामुळे अशा तडजोडींत कधीकधी चेकच्या मागच्या बाजूवरच मजकूर छापलेला असतो की इथे सही करणारा दाव्यात सामील होत असून आपला हक्क सोडत आहे. कधी दावा चालू असतानाच मालक थेट कर्मचाऱ्यांना चेक आणि सोबत हक्कसोडीचा कागद पाठवतो. तिथे सही करण्यापूर्वी चेक उलटून वाचावा आणि रक्कम मोठी असेल तर वकिलाला दाखवावा.

व्हिसावर आहोत, कोर्टाच्या भानगडीत कशाला पडायचे, हेही नेहमी ऐकू येते. मंजूर झालेल्या तडजोडीतला आपला वाटा घेणे म्हणजे नोकरी करणे नव्हे. आणि या वाटेने आपल्याच लोकांना न्याय मिळाल्याचे उदाहरण आहे. २००६ साली कॅलिफोर्नियातील फेडरल न्यायालयात टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसवर दावा दाखल झाला. भारतातून अमेरिकेत कामाला आणलेल्या कर्मचाऱ्यांना त्यांच्या कर परताव्याचे चेक सही करून कंपनीला द्यायला लावले जात होते, हा त्यातला एक मुख्य आरोप होता. कंपनीने आरोप नाकारले, पण २०१३ मध्ये २ कोटी ९७ लाख ५० हजार डॉलरवर तडजोड झाली. गटात सुमारे १२,८०० लोक होते. वकिलांची फी जाऊनही ही रक्कम रद्दीत टाकण्याजोगी नव्हती.

आता क्षुल्लक रकमेचे. लोकांच्या कर्जाच्या नोंदी ठेवणाऱ्या एक्विफॅक्स कंपनीतून झालेली माहितीचोरी १४.७ कोटी लोकांची होती. २०१९ च्या तडजोडीत १२५ डॉलरपर्यंत रोख मिळेल असे सांगितले गेले, पण त्या पर्यायासाठी राखीव रक्कम ३.१ कोटीच होती, त्यामुळे लोकांच्या हाती शेवटी थोडेसेच डॉलर आले. वापरकर्त्यांची माहिती परस्पर दुसऱ्यांच्या हाती गेल्याच्या केंब्रिज ॲनालिटिका प्रकरणात फेसबुकने ७२.५ कोटी डॉलर मान्य केले आणि २०२५ मध्ये माणशी सरासरी तीसेक डॉलर मिळाले. उलट चेहरा ओळखण्याच्या प्रकरणात याच कंपनीच्या ६५ कोटींतून इलिनॉयमधल्या दावेदारांना २०२२ साली जवळपास चारशे डॉलर मिळाले होते. वकिलांनीच पैसे खाल्ले म्हणून चिडून चेक फाडणारे भेटतात. ती चीड मला समजते, पण वकिलांची फी न्यायालयाने आधीच वेगळी काढलेली असते. न वटलेल्या चेकचे पैसे तडजोडीतल्या अटींप्रमाणे कधी बाकीच्या दावेदारांत पुन्हा वाटले जातात, कधी एखाद्या संस्थेला दिले जातात, कधी राज्याच्या बेवारस मालमत्तेत जमा होतात आणि काही तडजोडींत कंपनीकडेच परत जातात. ज्या कंपनीवर आपण रागावलो आहोत तिला आपल्या हाताने ही सवलत का द्यावी?

आपल्याकडची खरी अडचण नावाची. लग्नाआधीचे आडनाव, वडिलांचे किंवा नवऱ्याचे मधले नाव आणि गाळलेले एखादे अक्षर, यांमुळे चेकवरचे नाव आणि खात्यावरचे नाव जुळत नाही. शेजारच्या काकूंच्या चेकवर त्यांचे नाव आणि यजमानांचे नाव एकत्र जोडून एकच शब्द झाला होता. काउंटरवरच्या मुलीने त्यांना चेकच्या मागे आधी चेकवर नाव छापले होते तशी आणि तिच्याखाली खात्यावर आहे तशी, अशा दोन सह्या करायला सांगितल्या, आणि चेक जमा झाला. हा तिचा मोठेपणा नव्हता, व्यापारी कायद्यातच तशी सोय आहे. पती-पत्नी दोघांची नावे असतील तर मधला शब्द पाहावा. ‘अँड’ असेल तर दोघांची सही लागते, ‘ऑर’ असेल तर एकाची पुरते.

फसवणुकीची शंका मात्र अवश्य घ्यावी. खटल्याचे नाव स्वतंत्रपणे शोधावे, चेकवर छापलेल्या फोन नंबरवर विसंबू नये. चेक भरून त्यातले थोडे पैसे परत पाठवा असे कोणी म्हणाले, तर तो चेक खोटाच. बँक पैसे लगेच खात्यात दाखवते, पण चेक नंतर परत आला की ते आपल्याच खात्यातून वळते करते. खऱ्या तडजोडीत पैसे मिळण्यासाठी आधी पैसे भरावे लागत नाहीत.

मुदत टळली असेल तरी तडजोडीचे काम पाहणाऱ्या संस्थेला पत्र लिहून पाहावे. निधी शिल्लक असेल तर नवा चेक मिळू शकतो. कायमचे भारतात परतलेल्यांनी पत्ता बदलल्याचे तिला वेळीच कळवावे आणि डिजिटल पर्याय असेल तर तोच निवडावा, कारण डॉलरचा छोटा चेक पुण्यात वटवायला निघाले तर बँकेचे शुल्कच त्याहून जास्त होण्याची शक्यता असते. आणि जुन्या पत्त्यावर गेलेल्या चेकचे पैसे राज्याकडे जमा झाले असतील, तर त्या राज्याच्या बेवारस मालमत्तेच्या अधिकृत संकेतस्थळावर आपले नाव फुकट शोधता येते. शोधताना नावाची सगळी स्पेलिंगे घालून पाहावीत.