दोन स्टारच्या रिव्ह्यूला उत्तर: बागडोगरा फ्लाइटच्या सीट आमच्याकडूनच चुकल्या

नमस्कार ताई, तुमचा रिव्ह्यू सकाळी वाचला आणि लगेच बुकिंगची फाइल काढून बघितली. तुम्ही लिहिलंय की विंडो सीटचे पैसे घेतले, दिल्लीहून बागडोगऱ्याला, म्हणजे दार्जिलिंगला जायच्या विमानतळावर, जाताना १४ एफ दिली, पायलटने डाव्या बाजूला एव्हरेस्ट दिसतोय म्हणून सांगितलं आणि बाबा मात्र उजवीकडे पंख बघत बसले, येताना १४ ए, तेव्हाही तेच. अगदी खरंय, चूक आमची आहे, दोन्ही वेळची.

कशी झाली तेही सांगतो. आमच्याकडे सगळ्यात जास्त बुकिंग मुंबई-गोव्याचं, तिथे जाताना समुद्र उजवीकडे म्हणून एफ आणि येताना ए, हे आमच्या मुलांच्या हातात इतकं बसलंय की तुमच्या तिकिटालाही तेच लावलं. दिल्लीहून बागडोगऱ्याला विमान पूर्वेकडे जातं, हिमालय उत्तरेला, म्हणजे जाताना डावीकडे ए आणि येताना उजवीकडे एफ. बरोब्बर उलटं. ए ला असता तर हवा स्वच्छ असताना आधी धौलागिरी, अन्नपूर्णा, मग एव्हरेस्ट, मकालू आणि शेवटी उतरता उतरता कांचनजंगा, असं ओळीने दिसतं. नोव्हेंबरची सकाळची फ्लाइट, म्हणजे पावसाळ्यानंतरची स्वच्छ हवा, यापेक्षा चांगला चान्स नसतो, म्हणून मला जास्त वाईट वाटलं. बाबांना ऊन लागलं म्हणून शेड खाली करावी लागली असं लिहिलंय, तेही त्याच चुकीमुळे, कारण ती खिडकी दक्षिणेकडे, ऊन तिकडूनच येणार.

दुसरी चूक रांगेची. तुमचं विमान एअरबस ए ३२० होतं, त्यात १४ नंबरची रांग पंखावरच येते, खाली काही दिसत नाही. साधारण सातव्या रांगेच्या आत नाहीतर एकविसाव्याच्या मागे घ्यायला हवी होती.

एक गोष्ट मात्र मान्य नाही. सीटचे पैसे आम्ही खिशात घातले नाहीत, ते एअरलाइनला गेलेत, पावती तुम्हाला मेल केलीये. तरी ते चौघांचे, जाण्यायेण्याचे, आमच्याकडून परत देतोय कारण ज्यासाठी तुम्ही ते भरले ते मिळालं नाही. आणि दार्जिलिंगला कांचनजंगा बघायला जातात त्या टायगर हिलला दोन्ही दिवस धुकं होतं त्याला आमचा इलाज नव्हता, पण म्हणूनच विमानातून तरी कांचनजंगा दिसायला हवी होती हे तुमचं म्हणणं शंभर टक्के बरोबर.

आजपासून आमच्या फॉर्मवर नुसतं 'विंडो' लिहायचं बंद केलंय, कुठली बाजू, कुठली रांग आणि काय बघायचंय हे लिहिल्याशिवाय सीट घ्यायची नाही असं सगळ्यांना सांगितलंय.

बाबांना पुढच्या वर्षी काठमांडूला नेणार असं लिहिलंय तुम्ही. आमच्याकडून बुक करा असं आता कुठल्या तोंडाने म्हणू, पण कोणाकडूनही केलंत तरी दिल्लीहून जाताना डावीकडची घ्या, येताना उजवीकडची, आणि फ्लाइट शक्यतो सकाळची, दुपारनंतर डोंगरांवर ढग चढतात. वेब चेकइन झाल्यावर सीट नंबर परत एकदा बघून घ्या, विमान बदललं की नंबरही बदलतात, आणि खिडकीला बाबांनाच बसवा.