नैराश्यावरच्या गोळ्या सगळ्या सारख्या नसतात

डिचोली-साखळीकडच्या व्हॉट्सॲप गटांत सध्या एक निरोप फिरतोय: ‘नैराश्याच्या सगळ्या गोळ्या एकच. मेंदूला गुंगी आणतात. बरं वाटलं की लगेच सोडा.’ तिन्ही गोष्टी चूक, आणि तिसरी धोक्याची.

फ्लुऑक्सेटिन, सर्ट्रालिन, एस्सिटालोप्राम ही औषधं मेंदूच्या पेशींनी सोडलेलं सेरोटोनिन हे निरोप नेणारं रसायन पुन्हा शोषलं जाण्याला अडवतात. व्हेन्लाफॅक्सिन, ड्युलोक्सेटिन नॉरॲड्रेनॅलिन या तशाच दुसऱ्या रसायनाचंही शोषण रोखतात. ब्युप्रोपिऑन सेरोटोनिनच्या वाटेला फारसं जात नाही; त्याचा भर डोपामिन या आणखी एका रसायनावर आणि नॉरॲड्रेनॅलिनवर. मिर्टाझापिन, ॲमिट्रिप्टिलिन यांनी झोप येते, कारण ती मेंदूला जागं ठेवणाऱ्या हिस्टामिनचा परिणाम अडवतात. (वर फेणी घेणाऱ्यांनी हे वाक्य दोनदा वाचावं.)

‘सेरोटोनिन कमी पडलं म्हणून नैराश्य’ हे सोपं उत्तरही टिकत नाही. शोषण काही तासांतच अडतं, पण मन सावरायला बहुधा २ ते ६ आठवडे लागतात.

दारूसारखी या गोळ्यांची तलफ लागत नाही. तरी एकदम सोडल्या तर चक्कर, मळमळ, डोक्यात विजेसारखे झटके असा त्रास होऊ शकतो. डोस हळूहळूच उतरवायचा, तोही आपल्या डॉक्टरांना किंवा बांबोळीच्या मानसोपचार संस्थेत विचारून. फोनवर बोलायचं असल्यास टेली-मानस: १४४१६.