क्लाउडवरचं बारसं

अ‍ॅझ्युरच्या, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या भाड्याच्या क्लाउडच्या, पोर्टलवर टेम्पलेट (काय काय उभं करायचं त्याची लेखी यादी) टाकून सर्व्हर उभा करणं पाच मिनिटांचं काम आहे, असं म्हणणारी माणसं मला मांडवात सुपारी कातरत बसणाऱ्या काकांसारखी वाटतात. ‘अहो, दोनशे पानंच तर वाढायचीत!’ पाच मिनिटं लागतात हे खरं. पण ती शेवटची पाच.

वर शोधायच्या चौकटीत ‘डिप्लॉय अ कस्टम टेम्पलेट’ टाइप करायचं आणि ‘बिल्ड युवर ओन टेम्पलेट इन द एडिटर’ दाबायचं. टेम्पलेट ज्या जेसन पद्धतीने लिहितात, तिचा सांगाडा समोर येतो. त्यात स्कीमा (लिहिण्याचे नियम), कंटेंट व्हर्जन (आवृत्तीचा आकडा) आणि रिसोर्सेस (मशीन, डिस्क, नेटवर्क असं जे उभं करायचं ते) एवढेच भाग सक्तीचे. कंटेंट व्हर्जनचा आकडा कोणता द्यायचा ते आपल्यावर असतं, म्हणून जगातली बहुतेक टेम्पलेटं १.०.०.० वरच म्हातारी होतात.

हे हाताने लिहीत बसू नये. एखादा रिसोर्स नेहमीसारखा फॉर्म भरून तयार करत आणायचा आणि शेवटच्या ‘रिव्ह्यू प्लस क्रिएट’ पानावर टेम्पलेट डाउनलोड करायची लिंक असते, ती दाबायची. रिसोर्स तयार झाल्यावरही ‘एक्सपोर्ट टेम्पलेट’ मिळतं. पण तो तलाठ्याचा पंचनामा: बांधावरच्या बोरीसकट सगळं येतं, फक्त पासवर्ड तेवढा येत नाही.

मग येतं बारसं. स्टोरेज अकाउंटचं, म्हणजे फाइलींच्या कोठाराचं, नाव ३ ते २४ अक्षरांचं हवं, त्यात फक्त लहान लिपीतली इंग्रजी अक्षरं आणि आकडे. हायफन नाही, अंडरस्कोर नाही. वर ते साऱ्या अ‍ॅझ्युरमध्ये एकमेव हवं, कारण त्याच नावाचा वेबपत्ता बनतो. उपाय म्हणजे युनिकस्ट्रिंग हे फंक्शन. त्याला रिसोर्स ग्रुपचा (आपले रिसोर्स ज्या गठ्ठ्यात बांधतो त्याचा) आयडी दिला की १३ अक्षरांचं गिचमिड मिळतं. ते दर वेळी नवं निघत नाही; ग्रुप तोच असेल तर गिचमिडही तेच, त्यामुळे टेम्पलेट पुन्हा चालवलं तरी दुसरं अकाउंट होत नाही. आपल्या हौसेला उरतात ११ अक्षरं. सहस्रबुद्धे रोमन लिपीत १३ खातात. त्यांनी स्टोरेजपुरतं देवधर व्हावं.

विंडोज मशीनच्या नावाला १५ अक्षरांची मर्यादा. युजरचं नाव ‘अ‍ॅडमिन’ ठेवता येत नाही, म्हणजे जे सगळ्यांना आधी सुचतं तेच. पासवर्ड किमान १२ अक्षरांचा, आणि तो सिक्युअरस्ट्रिंग (मजकूर झाकून ठेवणाऱ्या) प्रकारच्या पॅरामीटरमध्येच द्यावा. साध्या स्ट्रिंगमध्ये दिला तर डिप्लॉयमेंटच्या, म्हणजे उभारणीच्या, इतिहासात उघडा दिसतो.

रीजनमध्ये, म्हणजे मशीन कुठे ठेवायचं त्या रकान्यात, ‘सेंट्रल इंडिया’ निवडलं की मशीन पुण्यात उभं राहतं. पुणं भारताच्या मध्यभागी आहे याचं नागपूरकरांना नवल वाटेल, पुणेकरांना नाही.

शेवटी ‘व्हॅलिडेशन पास्ड’ची हिरवी खूण येते. ती फक्त पत्रिका जुळल्याची. संसार पुढे आहे. डिपेंड्सऑन, म्हणजे कुणाच्या मागून कोण ते, लिहिलं नसेल तर सगळे रिसोर्स एकदमच बनायला निघतात आणि नेटवर्क कार्ड व्हर्च्युअल नेटवर्कच्या आधी पोचून दारात ताटकळतं. मग लाल पट्टी: ‘अ‍ॅट लीस्ट वन रिसोर्स डिप्लॉयमेंट ऑपरेशन फेल्ड.’ म्हणजे पंक्तीत कुणीतरी रुसलंय, कोण ते तुम्ही शोधा. ‘ऑपरेशन डिटेल्स’ उघडून सगळ्यात आतला कोड वाचायचा. एसकेयू नॉट अव्हेलेबल असेल, म्हणजे त्या जातीचं मशीन तिथे मिळत नसेल, तर साइज किंवा रीजन बदला, कोटा (वापराची मर्यादा) संपला असेल तर वाढवून मागा, मिसिंग सबस्क्रिप्शन रजिस्ट्रेशन असेल तर सबस्क्रिप्शनमध्ये (आपल्या बिलाच्या खात्यात) तो प्रोव्हायडर, म्हणजे त्या जातीचे रिसोर्स पुरवणारी सेवा, रजिस्टर करा. तोवर जे बनून बसलं ते आपोआप मागे जात नाही. त्याचं मीटर चालू.

चूक सुधारून पुन्हा डिप्लॉय करताना पोर्टल इन्क्रिमेंटल मोड वापरतं. टेम्पलेटमध्ये नसलेल्या रिसोर्सला ते हात लावत नाही, इथवर सगळे निर्धास्त असतात. पण टेम्पलेटमध्ये असलेल्या रिसोर्सची एखादी सेटिंग लिहायची राहिली, तर ती जुनी राहील असं समजू नका. बहुतेकदा ती मूळ डिफॉल्टवर जाते. हाताने लावलेला टॅग (रिसोर्सवरची ओळखीची चिठ्ठी) टेम्पलेटच्या टॅगांत नसेल तर गेला. ‘मी ते काढ कुठं म्हटलं होतं?’ या प्रश्नाला पोर्टलकडे उत्तर नाही. ठेवही म्हटलं नव्हतंत.

सराव संपला की अख्खा रिसोर्स ग्रुप काढून टाकावा. मशीनच्या आतून शटडाउन केलं तर मशीनचं भाडं थांबत नाही, पोर्टलमधून ‘स्टॉप’ करून ‘डीअ‍लोकेटेड’ (मशीन परत केल्याची खूण) दिसायला हवं. आणि तेव्हाही डिस्कचे पैसे लागतातच. डिलीट दाबल्यावर पोर्टल खात्रीसाठी ग्रुपचं नाव स्वतः टाइप करायला सांगतं. ग्रुपच्या नावाला तब्बल ९० अक्षरांची मुभा असते आणि एकदा ठेवलेलं नाव बदलता येत नाही, त्यामुळे पहिल्या दिवशी हौसेने ठेवलेलं ‘टेस्ट-फायनल-नवीन-खरंच-फायनल-२’ आता एकेक हायफन मोजत लिहायचं असतं.