‘लेझर बसवा, अंतर ३ मीटर ठेवा, विषय संपला’ : नाही, संपत नाही

एकाच गँट्रीवर (क्रेन ज्या उंच रेलमार्गावर धावते त्यावर) दोन किंवा जास्त ओव्हरहेड क्रेन जिथे चालतात, तिथल्या मेंटेनन्सवाल्यांच्या ग्रुपांमध्ये एक मेसेज सारखा फिरतोय. शब्द थोडे इकडेतिकडे होतात, मजकूर साधारण असा: “दोन्ही क्रेनला लेझर अँटी-कोलिजन बसवा. अंतर ३ मीटरवर सेट करा. क्रेन एकमेकींना धडकणं कायमचं बंद. अर्ध्या दिवसात बसतं, देखभाल शून्य. जुने लिमिट स्विच आणि बफर काढून टाकले तरी चालतात. ऑपरेटरने दुसऱ्या क्रेनकडे लक्ष ठेवायची गरज नाही.”

यातलं पहिलं वाक्य मला मान्य आहे. लेझर बसवावाच. दोन क्रेनमधलं अंतर तो न शिवता, सतत आणि काही मिलिमीटर ते सेंटिमीटरच्या अचूकतेने मोजतो. लिव्हरवाला लिमिट स्विच (क्रेन येऊन टेकली की हालचाल तोडणारा स्विच) फक्त एका ठरावीक बिंदूवर बोलतो, आणि त्याचा हात वाकला तर तेवढंही बोलत नाही. पण मेसेजची बाकीची वाक्यं वाचून कुणी खरोखर ३ मीटर सेट करेल, बफर (धक्का झेलणारे टोकाचे ठोकळे) उतरवेल आणि क्रेन ऑपरेटरच्या ताब्यात देईल, याची मला भीती वाटते. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

“अंतर ३ मीटरवर सेट करा”

हा सगळ्यात घातक सल्ला आहे, कारण तो ऐकायला भरपूर वाटतो. क्रेन थांबते ती ब्रेकमुळे. लेझर फक्त ‘आता थांब’ एवढं सांगतो. त्यानंतर सेन्सर, रिले (सिग्नलवर चालणारा स्विच), ड्राइव्ह (मोटरचा वेग सांभाळणारं नियंत्रण) आणि ब्रेक यांनी आपापला वेळ घ्यायचा, मग चाकं मंदावायची.

आकडे मांडून बघा. दोन्ही क्रेनचा एलटीचा (लाँग ट्रॅव्हल, म्हणजे गँट्रीवरून लांबीच्या दिशेत धावण्याचा) वेग मिनिटाला ८० मीटर, म्हणजे सेकंदाला १.३३ मीटर. सिग्नल मिळाल्यापासून ब्रेक पकडेपर्यंत अर्धा सेकंद गेला असं धरू. त्यानंतर वेग दर सेकंदाला ०.३ मीटर प्रति सेकंद या दराने कमी होतो. पहिल्या अर्ध्या सेकंदात क्रेन ०.६७ मीटर पुढे जाते, आणि ब्रेक लागल्यावर आणखी २.९६ मीटर. एकूण ३.६ मीटरच्या वर. हे एका क्रेनचं झालं. समोरून दुसरी त्याच वेगाने येत असेल तर दोघींना मिळून सव्वासात मीटर लागतात.

आता दोघींचं सेटिंग ३ मीटर ठेवलंय. दोन्ही सेन्सर वेळेवर चालले, दोन्ही ब्रेक लागले, कुठेही बिघाड नाही. तरीही प्रत्येकीच्या वाट्याला दीडच मीटर येतो, आणि बफर बफरला भिडतात तेव्हा प्रत्येकीचा वेग मिनिटाला सुमारे ६८ मीटर असतो. ८० वरून ६८. सगळी यंत्रणा ठणठणीत असताना एवढाच फरक पडला!

हे आकडे मी उदाहरणासाठी घेतलेत, ते उचलून आपल्या क्रेनला लावू नका. वेग दुप्पट झाला की ब्रेक लागल्यानंतरचं अंतर चौपट होतं, त्यामुळे दुसऱ्या बेचं (शेडमधल्या पट्ट्याचं) सेटिंग आपल्या बेला चालत नाही. आपल्या क्रेनचं अंतर मोजूनच काढावं लागतं, आणि ते अवघड नाही. दुसरी क्रेन लांब नेऊन बंद करायची. रिफ्लेक्टर (लेझरचा किरण परत पाठवणारी, एरवी समोरच्या क्रेनवर असलेली पाटी) तात्पुरता अशा जागी लावायचा की क्रेन थांबली नाही तरी पुढे मोकळी गँट्री उरेल. मग पूर्ण वेगाने त्याच्याकडे यायचं. स्टॉपचा रिले पडला तेव्हाचं अंतर सेन्सरच्या डिस्प्लेवर वाचायचं, क्रेन पूर्ण थांबल्यावर पुन्हा वाचायचं. दोन्हींतला फरक हे तुमचं थांबण्याचं अंतर. डिस्प्लेवर विश्वास नसेल तर थांबल्यावर चाकाजवळ रेलवर खडूची खूण करून मोजपट्टी लावा. रिकाम्या हुकने करा, भार खाली जमिनीलगत ठेवून करा, ब्रेक तापलेला असताना करा, आणि आलेल्यातला सगळ्यात वाईट आकडा धरा. सरासरी काढू नका.

त्यात आणखी दोन गोष्टी मिळवायच्या असतात, ज्या हमखास राहून जातात. पहिली: सेन्सर मोजतो ते त्याच्या काचेपासून रिफ्लेक्टरपर्यंतचं अंतर. सेन्सर बफरच्या ४० सेंटिमीटर मागे असेल आणि समोरचा रिफ्लेक्टर ३० सेंटिमीटर मागे, तर डिस्प्लेवर ३ मीटर दिसतात तेव्हा बफर-बफरमध्ये २.३ मीटरच असतात. दुसरी: भार. १२ मीटरचा पाइप एलटीच्या दिशेत आडवा धरला तर तो हुकपासून ६ मीटर पुढे येतो. क्रेन एकमेकींपासून सुरक्षित आणि पाइप मात्र शेजारच्या भाराला लागलेला, असं होऊ शकतं. लेझरला पाइप दिसत नाही.

यावर लगेच प्रश्न येतो: नऊ-दहा मीटर ठेवलं तर दोन क्रेन जवळ काम कशा करणार? प्रश्न रास्त आहे. उत्तर दोन टप्प्यांत आहे. लांबच्या अंतरावर वेग कमी, जवळच्या अंतरावर पूर्ण थांब. मिनिटाला २० मीटरवर आलेली क्रेन वरच्याच हिशेबाने साधारण ३५ सेंटिमीटरमध्ये थांबते. पण इथे नीट विचार हवा. जवळचं अंतर कमी ठेवायचं तर वेग खरोखर कमी झालाय हे यंत्रणेने स्वतः तपासलं पाहिजे. स्लो-डाऊनचा रिले चिकटला, ड्राइव्हने तो सिग्नल घेतलाच नाही, आणि क्रेन पूर्ण वेगाने दुसऱ्या टप्प्यात शिरली, तर ते छोटं अंतर काहीच वाचवत नाही. म्हणून स्लो झोनमध्ये, पूर्ण वेगातून थांबायला पुरेल एवढं अंतर उरलेलं असतानाच, वेग ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त आढळला तर तिथेच ब्रेक लागला पाहिजे. ही तपासणी करता येत नसेल तर स्टॉपचं अंतर पूर्ण वेगाच्या हिशेबानेच ठेवा. काम थोडं अडेल, अडू द्या.

कॉन्टॅक्टरवर (मोटरच्या मोठ्या विद्युत स्विचवर) चालणाऱ्या जुन्या स्लिप-रिंग मोटरच्या क्रेनवर तर ‘स्लो’ नावाचा सिग्नल देऊन वेग खात्रीने उतरत नाही. तिथे आधी ड्राइव्हचा विचार करा, लेझरचा नंतर.

“देखभाल शून्य”

विक्रेत्याला विचारायचा माझा पहिला प्रश्न असतो: किरण परत आलाच नाही, तर तुमचा रिले काय करतो?

बाजारात दोन तऱ्हा आहेत. एका तऱ्हेत सेन्सर समोरचा रिफ्लेक्टर ‘दिसला’ की स्टॉप देतो. काचेवर तेलकट धूळ बसली, वाफ आली, रिफ्लेक्टर काळा पडला की त्याला काही दिसत नाही, आणि ‘काही दिसत नाही’ याचा अर्थ तो ‘रस्ता मोकळा’ असा लावतो. यंत्रणा मुकाट मेलेली असते आणि पॅनेलवर हिरवा दिवा असतो. दुसऱ्या तऱ्हेत सेन्सर अंतर सतत मोजतो, आणि मोजमाप हरवलं की त्याला बिघाड समजून क्रेन थांबवतो. घ्यायची ती हीच. मात्र तिची एक अट आहे: सेन्सरचा पल्ला दोन क्रेनमध्ये जास्तीत जास्त पडू शकणाऱ्या अंतरापेक्षा मोठा हवा. नाहीतर क्रेन लांब गेल्या की मोजमाप तसंही हरवणार, रोज उगाच फॉल्ट येणार, आणि कुणीतरी प्रोग्रॅममध्ये ‘सिग्नल नाही म्हणजे ठीक’ असं करून टाकणार. म्हणजे पुन्हा पहिल्याच तऱ्हेवर येऊन ठेपलो.

वायरिंगही याच विचाराने करायचं. सगळं ठीक असताना रिले ओढलेला राहिला पाहिजे, म्हणजे वायर तुटली किंवा सप्लाय गेला तरी क्रेन थांबते. आणि अडवायची फक्त समोर जाण्याची दिशा. मागे सरकायला वाट मोकळी ठेवली नाही, तर ऑपरेटर अडकतो आणि सुटण्यासाठी बायपास शोधतो.

धुळीइतकाच त्रास अलाइनमेंट देतं. ६० मीटरवर किरण एक अंशाने कलला तर तो एक मीटर बाजूला पडतो. ३० सेंटिमीटरच्या चौकोनी रिफ्लेक्टरच्या मध्यावर लावलेला किरण त्या अंतरावर जेमतेम ०.१४ अंशातच कडेबाहेर जातो. क्रेन थोडी तिरकी चालली, रेल एखाद्या जोडावर बसली, तरी एवढं होतं. म्हणून ब्रॅकेट वॉकवेच्या कठड्याला वेल्ड करू नका, तो थरथरतो. एंड कॅरेजवर (क्रेनच्या टोकाला, चाकं असलेल्या तुळईवर) किंवा गर्डरच्या भक्कम भागावर जाड प्लेटवर बसवा, आणि गँट्रीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत क्रेन चालवून किरण कुठे कुठे सुटतो ते बघा. जिथे वाफ आणि धूर कायमचाच आहे, तिथे लेझरच्या ऐवजी रडार सेन्सर जास्त टिकतो. हे मान्य करण्यात कमीपणा नाही.

“लिमिट स्विच आणि बफर काढून टाका”

अजिबात काढू नका. लेझर कधी ना कधी चुकेल, तेव्हा उरलेला वेग पोटात घ्यायला बफरच असतो. गँट्रीच्या टोकाचा लिमिट स्विच तर वेगळ्याच कामासाठी आहे.

शिवाय साध्या ऑटोमेशनसाठी बनवलेला अंतरमापक सेन्सर आणि सुरक्षेसाठी प्रमाणित यंत्रणा यांत फरक आहे. आयएसओ १३८४९-१ मध्ये नियंत्रणाच्या सुरक्षा-भागांना ‘ए’ ते ‘ई’ अशा पाच पातळ्या दिल्या आहेत, ‘ई’ सगळ्यात वरची. आपल्या धोक्याचं मूल्यमापन करून कोणती पातळी हवी ते ठरवा, आणि विक्रेत्याकडून ती संपूर्ण साखळीसाठी लेखी घ्या: सेन्सर, रिले आणि ब्रेकपर्यंतचा मार्ग. सेन्सर उत्तम आणि पुढे एकच साधा रिले असेल, तर ती साखळी त्या रिलेइतकीच भरवशाची.

“ऑपरेटरने लक्ष ठेवायची गरज नाही”

लेझर एका रेषेत एक रिफ्लेक्टर बघतो. गँट्रीवर चढलेला माणूस त्याला दिसत नाही. खालचा रिगर (भार बांधणारा कामगार) दिसत नाही. वरच्या गँट्रीवरच्या क्रेनचा खाली सोडलेला हुक दिसत नाही. सीटीची (क्रॉस ट्रॅव्हल, म्हणजे गर्डरवरच्या ट्रॉलीची आडवी) हालचालही त्याच्या हिशेबात नाही.

आणि ऑपरेटरने त्याच्या भरवशावर थांबायची सवय लावली तर भार झुलतो. हुक १० मीटर खाली असताना सेकंदाला १.३३ मीटरच्या वेगातली क्रेन जवळपास जागच्या जागी थांबली, तर भार सुमारे १.३ मीटर पुढे जातो, परत येतो, आणि एका झोक्याला सहा सेकंदांहून थोडा जास्त वेळ घेतो. त्या पट्ट्यात खाली कुणी उभं असेल तर दोन क्रेन न धडकताही माणूस जखमी होतो. लेझरचा स्टॉप वारंवार लागत असेल, तर ऑपरेटरशी बसून बोला. शिक्षेसाठी नको. त्याला समोरचं दिसत नसेल, किंवा कामाची आखणीच दोन क्रेनना एका जागी आणत असेल.

“अर्ध्या दिवसात बसतं”

दोन ब्रॅकेट आणि चार वायरी अर्ध्या दिवसात बसतीलही. पण बसवणारा माणूस त्या वेळी क्रेनच्या नेमक्या त्या टोकाला असतो, जिथे दुसरी क्रेन येऊन धडकू शकते, आणि धडक टाळणारी यंत्रणा अजून चालू नसते. म्हणून परमिट, मेन आयसोलेटरला स्वतःचं कुलूप, डीएसएलचा (गँट्रीलगत क्रेनला वीज देणाऱ्या वाहकांचा) सप्लाय बंद आणि तपासलेला, शेजारची क्रेन लांब उभी करून तिचंही आयसोलेशन, मधे रेलवर क्लॅम्पचे तात्पुरते स्टॉपर, सेफ्टी बेल्ट, खाली बॅरिकेड. मग पाना हातात घ्यायचा. चाचणीसाठी सप्लाय परत द्यावा लागतो, तेव्हा वरची सगळी माणसं मोजून खाली उतरवा. चाचण्या धरून एका जोडीला पूर्ण शटडाऊन मागा, आणि कमी मिळत असेल तर काम पुढे ढकला.

मेसेजखाली कुणीतरी ‘लेझरने डोळे जातात’ असंही लिहितं. या सेन्सरमध्ये सहसा आयईसी ६०८२५-१ नुसार वर्ग १ किंवा वर्ग २ चा लेझर असतो. वर्ग २ चा सतत किरण १ मिलिवॅटच्या आत असतो आणि पापणी पाव सेकंदात मिटते तेवढ्याने डोळा वाचतो. मुद्दाम टक लावून बघू नका, दुर्बिणीतून तर मुळीच नाही. अलाइनमेंट करताना ठिपका पांढऱ्या पुठ्ठ्यावर शोधा. लेबलवर वर्ग ३बी लिहिलेलं असेल तर तो सेन्सर परत पाठवा.

मेसेजमध्ये नसलेली एक गोष्ट मात्र मला सगळ्यात जास्त सतावते, ती म्हणजे बायपास. दोन क्रेननी मिळून एक भार उचलायचा असेल तर अँटी-कोलिजन बाजूला ठेवावंच लागतं, त्यामुळे बायपास हवाच. तो किल्लीचा असावा, किल्ली शिफ्ट इंचार्जकडे असावी. बायपास चालू असताना क्रेनवर खालून दिसेल असा दिवा लुकलुकावा, आणि वेग आपोआप कमीवर अडकावा. अशी सोय दिली नाही की पॅनेलमध्ये दोन टर्मिनलच्या मधे इंचभर वायरचा जंपर येतो. तो कुणाच्या वहीत नसतो आणि काम झाल्यावर तिथेच राहतो. महिन्याच्या तपासणीत पॅनेलचं दार उघडून तो शोधा.

दर शिफ्टला सुरुवातीला रिकाम्या हुकने, कमी वेगात शेजारच्या क्रेनकडे जाऊन स्लो आणि स्टॉप दोन्ही लागतात का ते बघायचं. काच मऊ कोरड्या फडक्याने पुसायची, वेस्ट कॉटनने ओरखडे पडतात. एकदा हाताने किरण अडवायचा आणि स्टॉपचा रिले पडतो का ते बघायचं, अर्थात क्रेन उभी असताना आणि वर जायची परवानगी असेल तरच. नाहीतर ही चाचणी मेंटेनन्सच्या दिवशी करायची. ब्रेक लायनर बदललं, ड्राइव्हचा रॅम्प बदलला किंवा चाकं बदलली, की थांबण्याचं अंतर पुन्हा मोजायचं आणि नवा आकडा तारखेसह पॅनेलच्या दारावर आतून चिकटवायचा.