‘बालवाडीत नुसतं खेळवतात’ म्हणणाऱ्या पालकांसाठी

आमच्या सिंहगड रोडवरच्या पालकांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: ‘बालवाडीत नुसते खेळ आणि गाणी. हे परदेशी फॅड आहे. तिसऱ्या वर्षापासून एका जागी बसून लिहायची सवय लावा, नाहीतर मूल पहिलीत मागे पडेल.’ अठरा वर्षं छोट्या गटाला शिकवतेय, गप्प बसवत नाही.

एका जागी बसलं म्हणजे लक्ष लागलं, हे आधी डोक्यातून काढा. परवा ताटलीत राजमा, चवळी आणि हरभरे मिसळून ठेवले, शेजारी तीन वाट्या. ‘ही कुठेच टिकत नाही’ अशी घरून तक्रार असलेली एक चिमुरडी निवडायला बसली. मध्येच तिच्या हाताला अर्धा लाल, अर्धा पांढरा राजमा लागला.

“ताई, हा कुठे टाकू?”

“तुला काय वाटतं?”

तो दाणा बराच वेळ चिमटीत धरून ती बघत राहिली. मग उठली, कपाटातून चौथी वाटी घेऊन आली आणि ताटलीत तसले आणखी दाणे शोधायला लागली. वीस मिनिटं झाली तरी मान वर नाही. नियम तिचा तिनेच केला. गणित इथूनच सुरू होतं. तिलाच ‘अ’ गिरवायला दिला की दोन मिनिटांत पेन्सिल टेबलाखाली, पाठोपाठ ती.

लवकर लिहिण्याबद्दल: तीन वर्षांच्या मुलाच्या मनगटातली बरीचशी हाडं अजून कूर्चेचीच, म्हणजे मऊच असतात. आधी कणीक मळू दे, मणी ओवू दे. 2020च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही 3 ते 8 वर्षं हा एकच पायाभूत टप्पा धरलाय, खेळातून शिकण्याचा. पहिली-दुसरीही त्यातच येते.

आणि परदेशी फॅड? आपल्याकडे बालशिक्षणाचा पाया घालणाऱ्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945पासून पालघरकडच्या बोर्डीत आणि नंतर जवळच्या कोसबाडला हेच केलं. मुलं बालवाडीत येईनात, तर बालवाडी पाड्यावरच्या अंगणात नेली. शंख-शिंपले, दगड, पानं हीच साधनं.

मेसेजमधली एक तक्रार मात्र खरी आहे: ‘ॲक्टिव्हिटी फक्त फोटोपुरती.’ कापायचं ताईंनी, चिकटवायचं ताईंनी, मुलाने नुसतं बोट लावायचं. भिंतीवर तीस मोर, सगळे एकसारखे. त्यात मूल कुठेच नसतं. अशी भिंत दिसली तर ताईंना जरूर विचारा, यातलं माझ्या मुलाने काय केलं?