साखळीतल्या निकालावर भाकीत नको

‘साखळीत जिंकलेला संघच प्लेऑफमध्येही (साखळीनंतरच्या बाद फेरीत) जिंकतो’ हे एका लेखातलं विधान अमेरिकन फुटबॉलमध्ये मॅटर डेई आणि सेंट जॉन बॉस्को या कॅलिफोर्नियातल्या खासगी शाळांच्या संघांना लावूच नका. २०२३ मध्ये बॉस्कोने ट्रिनिटी लीगमध्ये (दोघांच्या साखळीत) मॅटर डेईचा २८-० असा धुव्वा उडवला. प्लेऑफच्या विभागीय अंतिम सामन्यात मॅटर डेईने ३५-७ असा वचपा काढला! २०१८, २०१९ आणि २०२२ मध्येही साखळीत हरलेलाच अंतिम सामन्यात जिंकला (२०१७, २०२१ मध्ये नाही).

मधल्या आठवड्यांत हरलेला प्रशिक्षक चित्रण पुन्हापुन्हा बघून बचावाची मांडणी बदलतो, जखमी खेळाडू परततात. भाकीत करताना गुणफलकाआधी हे तपासा: चेंडू किती वेळा गमावला, तिसऱ्या डाउनला (चेंडू दहा यार्ड पुढे नेण्याच्या चारपैकी तिसऱ्या प्रयत्नात) काय झालं, क्वार्टरबॅकपुढची (चेंडू फेकणाऱ्या मुख्य खेळाडूला वाचवणारी) फळी धडधाकट आहे का. गमावलेल्या चेंडूंमुळे फुगलेली आघाडी दुसऱ्या भेटीत टिकेलच असं नाही.